काचेचा पेला आणि भडोचची वाट

बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांच्या कुलवृत्तान्ताचे पहिले पान बहुधा अठराव्या शतकात उघडते. पिलाजीराव गायकवाडांच्या स्वाऱ्या, १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांच्या हाती येणे, त्यानंतर कोणी फडावर, कोणी पागेत, कोणी देवस्थानच्या व्यवस्थेवर देशावरून वा कोकणातून येऊन स्थिरावणे, असा तो क्रम असतो. तो खराच आहे. परंतु त्यातून नकळत एक समजूत रूढ होते, की गोदावरीच्या काठावरून नर्मदा-महीच्या प्रदेशात उतरणारी वाट प्रथम मराठी घोड्यांच्या टापांनीच पडली. वस्तुतः ती वाट त्याआधी सोळाशे-सतराशे वर्षे वाहती होती, आणि तिच्यावरून घोड्यांपेक्षा बैलगाड्या अधिक जात होत्या. त्या गाड्यांत काय भरलेले असे, हे एका परदेशी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. त्यातील एक जिन्नस रोममधील पेल्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. त्या पेल्याच्या निमित्ताने आपल्या या जुन्या वाटेची ओळख करून घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पेल्याकडे वळू. काच ही वस्तू रोमपेक्षा फार जुनी. इजिप्त आणि मेसोपोटेमियात इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातच काचेची भांडी होत असत. पण ती साच्यात किंवा मातीच्या गाभ्यावर काच चढवून मोठ्या कष्टाने करावी लागत. त्यामुळे ती राजवाड्यांपुरती आणि सुगंधी तेलांच्या कुप्यांपुरतीच राहिली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाईनच्या किनारपट्टीत कोणा कारागिराच्या ध्यानात आले, की वितळलेल्या काचेचा गोळा पोकळ नळीच्या टोकाला घेऊन फुंकला तर तो फुग्यासारखा फुगतो. या एका क्लृप्तीने काचेचे भाग्य पालटले. दिवसभराच्या श्रमाने होणारे भांडे आता काही क्षणांत होऊ लागले. लवकरच फुंकलेला गोळा मातीच्या नक्षीदार साच्यात फुगवण्याची युक्तीही निघाली आणि वेलबुट्टी, पाने, अक्षरे पेल्याच्या अंगावर आपोआप उमटू लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एन्निऑन हा असा एक कारागीर. तो आपल्या भांड्यांवर स्वतःचे नाव उमटवीत असे, आणि काहींवर घेणाऱ्याचे स्मरण राहो अशी इच्छाही. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची जी चाल आहे, तिचाच हा दूरचा भाऊ म्हणावा.

सजावटीचे प्रकार पुढे वाढतच गेले. काही पेल्यांवर रथांच्या शर्यती आणि सारथ्यांची नावे असत, काहींवर झुंजणारे मल्ल. काही पेले रंगवलेले असत. रंगीत काचेची बारीक पूड चिकट द्रवात कालवून तिने चित्र काढायचे आणि पेला पुन्हा भट्टीत तापवायचा, म्हणजे चित्र काचेशी एकजीव होते. चौथ्या शतकापर्यंत ही कला इतकी पुढे गेली, की जाड काचेचे भांडे बाहेरून कोरत कोरत त्याच्याभोवती केवळ बारीक टेकूंवर उभी असलेली काचेची जाळी साधली जाऊ लागली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील लायकर्गस पेला हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो, आतून उजेड आला की माणकासारखा लाल. काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा हा परिणाम आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झाले. करणाऱ्या कारागिराला कणांचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण हाताचा अंदाज होता.

काचेच्या या प्रसाराची नोंद घेणारा रोमन लेखक म्हणजे थोरला प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा अंत झाला. आपल्या विशाल निसर्गवर्णनाच्या छत्तिसाव्या खंडात तो सांगतो, की पिण्याच्या कामी काचेने सोन्या-चांदीला मागे सारले आहे. त्याच खंडात भारतात स्फटिकाचे तुकडे वितळवून काच करतात आणि तिची सर कोणत्याही काचेला नाही, अशी ऐकीव माहितीही तो देतो. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही, कारण शुद्ध स्फटिक वितळवण्याइतकी आच त्या काळच्या भट्टीत मिळणे शक्य नव्हते. पण रोमच्या बाजारात भारत हा पारदर्शक आणि रंगीत दगडांचा देश म्हणून ओळखला जात होता, एवढे तीवरून दिसते.

काचेने सोन्याला मागे सारले खरे, पण एका गोष्टीपुढे तिला मान तुकवावी लागली. ती म्हणजे मुऱ्हिन नावाच्या दगडाची भांडी. इसवी सनापूर्वी ६१ मध्ये पाँपी पूर्वेकडील विजयानंतर रोमला परतला, तेव्हा ही भांडी तेथे प्रथम आली असे प्लिनी म्हणतो. पुढे त्यांचे वेड इतके वाढले, की नीरोने एका भांड्यासाठी १० लाख सेस्टर्स मोजले. पेट्रोनियस नावाच्या सरदाराने मरतेवेळी ३ लाख सेस्टर्स किमतीचे आपले मुऱ्हिनचे पात्र मुद्दाम फोडून टाकले, कशासाठी तर ते नीरोच्या हाती पडू नये म्हणून. तिसरा एक माजी अधिकारी आपल्या पेल्यावर इतका लुब्ध होता, की पिता पिता त्याने त्याची कडाच कुरतडली. ज्यांना हा दगड परवडत नसे त्यांच्यासाठी काचेचे कारागीर त्याची नक्कल करीत. रंगीत काचेच्या काड्या एकत्र वितळवून त्यांच्या चकत्या कापायच्या, त्या साच्यावर जुळवून पुन्हा तापवायच्या, म्हणजे दगडातील शिरांसारखे पट्टे आणि भोवरे दिसू लागतात. इजिप्तमधील डायोस्पोलिस या गावी नकली मुऱ्हिन होते आणि ते तांबड्या समुद्रावरच्या अ‍ॅड्युलिस बंदरात खपते, अशी स्पष्ट नोंद आहे.

ही नोंद ज्या पुस्तकात आहे तेच आपल्या विषयाचे मुख्य साधन होय. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव आपल्याला उपलब्ध नाही, पण त्याची नजर मुनिमाची आहे. कोणत्या बंदरात काय उतरते, काय चढते, राजाला नजराणा काय द्यावा, पाणी कोठे दगा देते, एवढ्यातच त्याला रस आहे. या पुस्तकात बॅरिगाझा म्हणजे भरुकच्छ, आपले भडोच, याला जेवढी जागा मिळाली आहे तेवढी भारतातील दुसऱ्या कोणत्याही बंदराला नाही. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीचे त्याचे वर्णन आजही खरे वाटते. नर्मदेच्या मुखाशी गलबते सापडून उलटू नयेत म्हणून राजाचे कोळी आपल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि भरतीच्या वेळा साधून परदेशी जहाजे टप्प्याटप्प्याने ओढीत भडोचला आणीत, असे तो लिहितो.

आता या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी पाहावी. तीत हस्तिदंत, कापूस आणि कापड, जटामांसी, गुग्गुळ, पिंपळी यांच्याबरोबर गोमेदजातीचे पट्टेदार दगड आहेत आणि मुऱ्हिनही आहे. उज्जयिनीहून हे दगड येतात असे एका ठिकाणी म्हटले आहे. दुसऱ्या ठिकाणी दक्षिणापथातील दोन नगरांचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. या नगरांतून बिकट, मार्गहीन मुलखातून गाड्यांवर लादून माल भडोचला उतरतो; पैठणहून पट्टेदार दगड विपुल, तेरहून कापड विपुल. ज्या गाड्यांचा उल्लेख आरंभी केला त्या याच.

दख्खनच्या काळ्या कातळाशी परिचय असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. लाव्हारस थिजताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे द्रव्य थरांथरांनी साठले, त्यातून अकीक आणि गोमेद तयार झाले. कातळ झिजला की हे कठीण गोळे सुटे होऊन नदीच्या वाळूत येतात. भडोचच्या पूर्वेस झगडियाजवळ रतनपूरच्या टेकड्यांत याच अकिकाच्या खाणी आहेत. तेथला दगड उन्हात वाळवून, मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजला की त्यातील लोहामुळे पिवळट रंगाचा लाल होतो. पुढे तो फोडून, घासून, भोके पाडून त्याचे मणी व पेले खंबायतला होतात. ही परंपरा अखंड चालत आलेली आहे. खंबायतचे अकिकाचे पेले आणि सुऱ्यांच्या मुठी एकोणिसाव्या शतकातही विलायतेस जात असत.

मग नीरोने दहा लाख मोजले ते आपल्याच रतनपूरच्या किंवा पैठणच्या दगडासाठी काय? असे ठामपणे लिहिलेले अनेकदा वाचनात येते. मनाला ते सुखवतेही. परंतु पुराव्याचा कल तसा नाही. मुऱ्हिनचा दगड मुख्यत्वे कार्मेनियातून, म्हणजे इराणच्या केरमान भागातून येतो, असे प्लिनी सांगतो. त्याचा जांभळा आणि पांढरा रंग, त्याला येणारा मंद वास यांचेही तो वर्णन करतो. शिवाय कड कुरतडण्याची गोष्ट विचारात घेतली पाहिजे. अकीक पोलादालाही सहज दाद देत नाही, त्यावर दात काय चालणार? फ्लुओराइट हा दगड मात्र त्याहून पुष्कळ मऊ, जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि ठिसूळ असतो. ब्रिटिश म्युझियममध्ये बार्बर आणि क्रॉफर्ड या नावांनी ओळखले जाणारे दोन रोमन पेले आहेत ते फ्लुओराइटचेच. म्हणून रोमच्या दिवाणखान्यातील अस्सल मुऱ्हिन बहुधा इराणी फ्लुओराइट होते, आणि भडोचच्या वखारीत मुऱ्हिन म्हणून जे विकले जाई ते आपल्याकडचे अकीक होते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. बाजारात एकच नाव दोन जिनसांना चिकटणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. आपला दगड नीरोच्या ओठी लागला नसेल, पण गोमेदाच्या पट्ट्यांची जी आवड रोमन काचकारांच्या हातून काचेत उतरली, तिला खतपाणी घालणारा एक मोठा झरा भडोचहून वाहत होता, एवढे निःसंशय म्हणता येते.

बाहेर गेलेल्या मालाइतकाच आत आलेला मालही बोलका आहे. सिंधू नदीच्या मुखाशी बार्बरिकॉन नावाचे बंदर होते. तेथे उतरणाऱ्या मालात पेरिप्लसकार काचेची भांडी सांगतो. भडोचच्या यादीत मात्र भांडी नाहीत. तेथे शब्द आहे तो कच्च्या काचेसाठी. म्हणजे भट्टीतून निघालेले ओबडधोबड ढेकूळ. इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील मोठ्या भट्ट्यांत नदीमुखाची वाळू आणि नॅट्रन नावाचा क्षार एकत्र वितळवून अशी काच टनावारी तयार करीत, ती फोडून तिचे तुकडे दूरदूर पाठवीत आणि तेथील कारागीर ते पुन्हा वितळवून हवी ती वस्तू करीत. दक्षिणेकडील मुझिरिस बंदरातही अशीच कच्ची काच उतरत असे.

हा भेद बारीक असला तरी त्यात आपल्या प्रदेशाचा स्वभाव दिसतो. भडोचच्या पेठेला रोमन कारागिराचा तयार पेला नको होता. तिला द्रव्य हवे होते, घाट आपला होता. त्या काचेचे येथे मणी आणि बांगड्या झाल्या असाव्यात, आणि नकली रत्नेही. आपल्याकडे काच शरीरावर मिरवली, ताटापाशी बसवली नाही. पाण्याचा तांब्या, फुलपात्र, देवघरातील पंचपात्र हे सारे धातूचे. सोवळ्यात धातू चाले, काच ही बांगडीच्या रूपानेच घराच्या आतल्या भागात पोहोचली. संस्कृत सुभाषितकारांनीही काचेला रत्नाशेजारी बसवले ते तिचे हलकेपण दाखवण्यासाठी. रोममध्ये त्याच काळी उलट घडत होते. तेथे काच सोन्याची जागा घेत होती. एकच द्रव्य एका समाजात सौभाग्याचे लेणे झाले आणि दुसऱ्यात मद्याचा पेला.

येथे काच होत नव्हती म्हणून ती आणली, असेही समजू नये. भारतात काच करण्याची कला त्यापूर्वीच रुजलेली होती. प्रयोगशाळेत तपासल्यास स्थानिक क्षारमातीपासून केलेली काच आणि भूमध्य समुद्राकाठची नॅट्रनची काच यांतील घटक वेगळे पडतात, त्यामुळे आज मण्याचे कुळ पुष्कळ अंशी सांगता येते. आपल्या जवळच कपडवंजला एकोणिसाव्या शतकापर्यंत खाऱ्या मातीपासून काच करण्याचा धंदा चालू होता. या साऱ्या विषयाचा पहिला सांगोपांग अभ्यास एका मराठी संशोधकाने केला, याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील ग्रंथ १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आजही काचेवर काम करणाऱ्याला त्याच ग्रंथापासून आरंभ करावा लागतो.

पेला नको, पण पेय हवे होते. भडोचच्या आयातीत पहिलाच शब्द मद्याचा आहे. त्यातही इटलीचे अधिक, मग सिरियातील लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. हे मद्य निमुळत्या तळाच्या, दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून येई. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ नंतर झालेल्या उत्खननात अशा कुंभांची खापरे मिळाली. गुजरातमध्ये शामळाजीजवळ देवनी मोरी येथील, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या उत्खननातही तशी खापरे निघाली. या बाबतीत अलीकडे एक दुरुस्ती झाली आहे. पूर्वी रोमन म्हणून नोंदलेली काही खापरे प्रत्यक्षात इराणी आखाताकडील, बिनकानांच्या, आतून डांबर लावलेल्या कुंभांची आहेत, असे इसवी सन २००० नंतरच्या फेरतपासणीत आढळले. त्यामुळे एखादे खापर सापडले की लगेच रोमचे नाव घेण्याची घाई आता कोणी करीत नाही. तथापि व्हेसुव्हियसच्या परिसरातील काळी ज्वालामुखी वाळू मिसळलेली खापरे भारतात निश्चितपणे मिळाली आहेत. ती इटलीचीच.

बडोद्याचा स्वतःचा पुरावा येथे पुढे येतो. आज विश्वामित्रीच्या पश्चिमेस जे अकोटा आहे, ते प्राचीन अंकोट्टक. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक म्हणजे बडोदे हे अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक खेडे म्हणून येते. मूळ नगर अंकोट्टक होते, बडोदे ही त्याची वाडी. १९५० च्या सुमारास प्रा. सुब्बाराव यांनी येथे उत्खनन केले आणि १९५३ मध्ये विद्यापीठाने त्यांचा बडोद्याच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अकोट्याचे नाव जगभर झाले ते तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींमुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अकोट्याने आणखी एक लहानशी वस्तू दिली आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे एका कांस्य सुरईचा तुटका कान. त्यावर इरॉस या ग्रीक प्रेमदेवतेची बालमूर्ती आहे. मद्य ओतण्याची ही सुरई इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील, रोमन जगातून आलेली. तिचे पोट गेले, तोटी गेली, कान तेवढा उरला.

तिला जुळी वस्तू कोल्हापूरला आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास सापडलेल्या कांस्य वस्तूंत पोसायडन या सागरदेवाची सुबक मूर्ती आणि रोमन घडणीची सुरई आहे. दक्षिणेकडचे कोल्हापूर आणि उत्तरेकडचे अकोटा, दोन्हींकडे मद्याची कांस्यपात्रे, दोन्हींकडे काचेचा पेला नाही. पेरिप्लसच्या यादीशी हे जुळते. श्रीमंताच्या घरी धातूची परकी सुरई चालली, कारण धातू ओळखीचा होता.

मग रोमचे चित्रित काचपेले भारताच्या अंगाने कोठे गेले? त्याचे उत्तर उत्तरेस मिळाले. अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे जोसेफ आणि रिया हॅकिन या फ्रेंच दांपत्याच्या नेतृत्वाखाली १९३७ आणि १९३९ साली बंद केलेल्या दोन खोल्या उघडल्या गेल्या. आत भारतीय हस्तिदंताचे अप्रतिम फलक, चिनी लाखकामाची भांडी आणि रोमन काचेची शंभराहून अधिक भांडी एकत्र होती. रंगवलेल्या पेल्यांवर झुंजणारे मल्ल आहेत, शिकार आहे, ग्रीक पुराणकथेतील युरोपा आणि बैल आहे, खजुराची तोडणी आहे. एका पेल्यावर अलेक्झांड्रियाचे दीपगृह उठावात दिसते. अशाच झुंजींची चित्रे असलेले काचतुकडे इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील व्हिंडोलांडा या रोमन ठाण्यातही मिळाले आहेत. एका जातीचा पेला एवढा दूर दोन्ही दिशांना पोहोचावा, यावरून त्या व्यापाराचा पल्ला लक्षात येतो. बेग्रामचा माल समुद्रमार्गे आला असल्यास तो सिंधूमुखाने चढला असणे अधिक संभवनीय, कारण काचेची भांडी तेथेच उतरत होती. मात्र भडोच-उज्जयिनी मार्गही सर्वस्वी नाकारता येत नाही. हॅकिन पती-पत्नी १९४१ मध्ये महायुद्धात जहाज बुडून निवर्तली. त्यांनी जपलेला ठेवा काबूलच्या यादवीत नष्ट झाला असे मानले जात होते. पण तेथील संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी गुप्तता राखून तो लपवला होता, आणि २००३-०४ मध्ये पेट्या पुन्हा उघडल्या तेव्हा त्यातील पुष्कळ वस्तू शाबूत निघाल्या.

हा व्यापार निर्वेध चालला होता असे मात्र नव्हे. भडोचच्या स्वामित्वासाठी क्षहरात क्षत्रप नहपान आणि सातवाहन यांच्यात मोठा झगडा झाला. पूर्वी कल्याण हे खुले बंदर होते, पुढे तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे पेरिप्लस सांगतो. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख या वाटेचे दुसरे टोक दाखवतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने विश्रामगृहे बांधली. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर वाटसरूंसाठी विनामूल्य होड्या ठेवल्या. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. सत्ता बदलली, नाणे तेच राहिले, आणि वाटही तीच. पुढे मराठ्यांच्या मोहिमा ज्या घाटांतून उतरल्या आणि ज्या उतारांवरून नद्या ओलांडून सुरत-भडोचकडे गेल्या, त्यांची आखणी बऱ्याच अंशी या जुन्या व्यापारी मार्गांनीच करून ठेवली होती.

रोमचे सोने भारताकडे ओढले जात होते, दरवर्षी निदान ५ कोटी सेस्टर्स भारत गिळतो अशी प्लिनीची तक्रार आहे. आपले लेखक ती मोठ्या अभिमानाने सांगतात. अभिमानाला हरकत नाही. परंतु ज्या यादीत मद्य आणि कच्ची काच आहे, त्याच यादीत, त्याच थंड सुरात, भडोचच्या राजासाठी आणलेली चांदीची पात्रे, गाणारे गुलाम आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली यांचीही नोंद आहे. पात्रे आणि माणसे एकाच ओळीत. त्या मुली कोठल्या होत्या, कोणत्या बंदरात चढवल्या गेल्या, हे विचारण्याची त्या व्यापाऱ्याला गरज भासली नाही. इतिहास वाचणाऱ्याला ती भासली पाहिजे.

दगडाचीही अशी एक बाजू आहे. खंबायतला अकीक घासताना जी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. घासणारे कारागीर आणि त्यांच्या घरची माणसेही त्याने अकाली गेली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने याचा अभ्यास करून धूळ ओढून घेणारी साधने सुचवली. दगड तोच, धूळ तीच. मग दोन हजार वर्षांपूर्वी पैठण आणि रतनपूरच्या अकिकाला झळाळी आणणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा तर्क करणे कठीण नाही. ना प्लिनीने त्यांची दखल घेतली, ना पेरिप्लसकाराने. पेल्याची किंमत सेस्टर्समध्ये लिहिली गेली ती त्याच्या धन्याने मोजलेली. दुसरी किंमत कोठेच लिहिली गेली नाही.

काचेचा पेला मराठी घरांत सर्रास आला तो फार उशिरा. लोकांच्या पैशापैशावर उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मधला, कऱ्हाडजवळची ओगलेवाडी १९१६ मधली. १९०७ साली अलेंबिकची स्थापना करणाऱ्यांत कोटीभास्कर हे मराठी नाव होते, आणि पुढे त्याच अलेंबिक समूहाच्या बडोद्यातील कारखान्याचे 'येरा' पेले देशभर घरोघरी पोहोचले. ज्या भूमीने दोन हजार वर्षांपूर्वी कच्ची काच घेतली आणि पेला नाकारला, तीच भूमी पेले करून पाठवू लागली. चहा, सरबत आणि बदललेले सोवळे यांनी जे केले, ते रोमच्या व्यापाऱ्यांना साधले नव्हते.

अंकोट्टकावर आज बडोद्याचा एक गजबजलेला भाग उभा आहे. सुब्बारावांनी खणले त्याच्या आसपासची पुष्कळशी जमीन इमारतींच्या पायाखाली गेली आहे आणि तेथे आता सलग उत्खनन होणे नाही. जे मिळेल ते पाया खणताना, नळाचा चर काढताना, योगायोगाने मिळेल. कांस्यमूर्ती सापडली तर ती कोणीही उचलून ठेवील. हिरवट काचेचा पातळ तुकडा, पट्टेदार दगडाची ढलपी किंवा काळे कण असलेले जाड खापर मात्र मातीबरोबर ट्रकमध्ये जाते. आपल्यापैकी अनेकांची घरे, वाडे पाडून उभ्या राहिलेल्या सदनिका, याच परिसरात आहेत. असा तुकडा दृष्टीस पडल्यास तो कोठे, किती खोलीवर मिळाला हे टिपून विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे नेऊन द्यावा. कुलवृत्तान्ताच्या पहिल्या पानाआधीची पाने अशाच तुकड्यांवर लिहिलेली आहेत.